चाळीस खराटे

"कपडे आणू नकोस. एकही नको," मैत्रीण फोनवर म्हणाली. "खराटे आण. चाळीस."

मी तेव्हा कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होते आणि समोर कपड्यांचा डोंगर होता. तारीख १३ ऑगस्ट २०१९. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या तिन्ही नद्या आठवडाभर पात्राबाहेर होत्या. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांकडे जाऊन राहिली होती. शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूर महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता, तो नुकता सुरू होत होता. टीव्हीवर सांगलीच्या गल्ल्यांतून बोटी फिरताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या आणि ज्याला जे सुचलं ते तो घेऊन आला होता. एका मुलाने स्वतःची नवी कंपासपेटी आणून दिली. कुणी लग्नातला शालू दिला. देणाऱ्यांची माया खरी होती, त्यात मला शंका नाही. पण तो शालू त्या चिखलात कोण नेसणार, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मैत्रीण आणि मी डी.एड.ला एकत्र होतो. ती शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लग्न होऊन त्याच गावात राहते. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल. तेव्हा ती सासूबाई, दोन मुलं आणि दोन म्हशींसह जयसिंगपूरच्या छावणीत होती. मी तिला फोन केला तो खुशाली विचारायला. बोलता बोलता म्हटलं, आम्ही सामान घेऊन येतोय. त्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने यादी सांगितली. मी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

खराटे ४०. खोरी २०. घमेली. गमबूट, सगळ्या मापांचे. रबरी हातमोजे. फिनेल. मेडिक्लोरच्या बाटल्या. ताडपत्र्या. बायकांसाठी पॅड आणि आतले कपडे, नवे, पाकीट न फोडलेले. गोळी पेंड, जमेल तेवढी. आणि शेवटी, "दोर आण. दाव्याला."

"दोर कशाला?"

"पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी जनावरांची दावी कापली गं. निदान पोहून तरी जातील म्हणून. आता जी परत मिळाली ती बांधायची कशाने?"

पुण्यात बसून हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

दोन दिवस लागले. कपड्यांतून धडधाकट साड्या आणि चादरी तेवढ्या वेगळ्या काढल्या, बाकीचे आलेल्यांना विनंती करून परत दिले. काहींना ते लागलं. एक काका म्हणाले, "आम्ही एवढ्या मनाने दिलं." मी त्यांना यादी दाखवली. ते काही न बोलता गेले आणि संध्याकाळी मंडईतून खराट्यांचे चार गठ्ठे रिक्षात घालून घेऊन आले.

पंधरा ऑगस्टच्या रात्री आम्ही निघालो. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आली होती. आयशर टेम्पोत सामान, पुढे ड्रायव्हरकाका आणि मी, मागून एका गाडीत सोसायटीतले चौघे. काका माण तालुक्यातले, म्हसवडच्या बाजूचे. वय पन्नाशीचं. डिझेलपुरतेच पैसे घेईन, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. खंबाटकी उतरल्यावर मी त्यांना विचारलं, "काका, तुमचं भाडं बुडतंय ना?"

"ताई, आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी नव्हतं. माझी चार जनावरं चारा छावणीत होती," ते म्हणाले. "तिथं वैरण म्हणून ऊस यायचा ट्रक भरून. ह्याच नदीकाठचा. ह्यांच्या उसावर जगली ती. आता ह्यांच्या म्हशींना पेंड न्यायची, तर भाडं कसं घेऊ?"

मग ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही नाही. माणदेशात मे महिन्यात छावण्या आणि ऑगस्टमध्ये शंभर किलोमीटरच्या आत हा महापूर. सह्याद्रीच्या कड्यावर जो पाऊस कोसळतो, तो घाटमाथ्यावरून पूर्वेला सरकता सरकता इतका कमी होत जातो की, एकाच जिल्ह्यात शिराळ्याला भातखाचरं आणि आटपाडी-जतला टँकर. हे भूगोलात मी मुलांना अनेकदा शिकवलं आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश. फळ्यावर लिहायला सोपा शब्द.

महामार्गावर अडकून पडलेल्या ट्रकांची दाटी अजून विरली नव्हती, म्हणून काकांनी कऱ्हाडला कृष्णा ओलांडून विट्याचा रस्ता धरला. विटा, मग तासगाव. तासगावला उजाडलं. रस्त्याकडेच्या एका हॉलमध्ये दिवे होते, म्हणून चहासाठी थांबलो, तर आत चाळीस-पन्नास बायका भाकरी थापत होत्या. गॅसच्या शेगड्या, वर तवे आणि भिंतीशी धोतराच्या पांढऱ्या पानांवर भाकरींच्या चवडी. शेजारी मोठ्या पातेल्यात खर्डा. बाहेर एक टेम्पो कडबा भरून उभा होता. द्राक्षबागांचा तालुका हा, पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा. एका मावशींनी आमच्या हातात गरम भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन जावा. तिकडं गेल्यावर तुमाला घास उतरायचा न्हाई."

सांगलीत शिरायच्या आधीच वास आला. तो वास सांगता येत नाही, तरी सांगते. गाळ, कुजलेलं धान्य, गटार, डिझेल आणि कुठेतरी मेलेलं जनावर, सगळं एकत्र. हरभट रोडच्या बाजूला दुकानदारांनी ओला माल रस्त्यावर आणून टाकला होता. वह्यांचे गठ्ठे फुगून पावासारखे झालेले, साड्यांचे तागे चिखलाच्या रंगाचे, लाकडी कपाटांचे पापुद्रे सुटलेले. भिंतींवर पाण्याची रेघ माणसाच्या डोक्यावरून गेलेली. आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यावरच्या मोजपट्टीकडे सांगलीकर वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. या वेळी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, २००५ च्या महापुरापेक्षा साडेतीन-चार फूट वर.

हे साडेतीन-चार फूटच माणसांना नडले. पुढे शिरोळ तालुक्यात ज्याच्याशी बोलले त्याने हेच सांगितलं. प्रत्येक घरात २००५ ची खूण होती. कुणी भिंतीवर खिळा मारून ठेवलेला, कुणी गेरूने रेघ ओढलेली. पाणी त्या खुणेपर्यंत येईल, त्याच्या वर नाही, हा हिशेब पक्का. त्या हिशेबाने धान्याची पोती माळ्यावर चढवली, टीव्ही फळीवर ठेवला, म्हातारी माणसं वरच्या खोलीत बसवली. जुना अनुभव हाच शहाणपणा असतो, नदीकाठी तर तोच असतो. त्यालाच पाण्याने खोटं पाडलं.

कारणांबद्दल त्या दिवसांत जो तो बोलत होता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव तर चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत. पुढे सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२० मध्ये तिचा अहवाल आला. मला इथे एवढंच लिहायचं आहे की कोयना, वारणा, राधानगरी या सगळ्यांच्या पाणलोटात एकाच वेळी काही दिवसांत पडलेला पाऊस, भरत आलेली धरणं आणि पूररेषेच्या आत चढलेली बांधकामं, ही तीन कारणं सांगलीत डोळ्यांनी दिसतात. त्यासाठी अहवाल वाचावा लागत नाही. नदीच्या पात्रात बंगले आहेत. बंगल्यांच्या पहिल्या मजल्यावर पाण्याची रेघ आहे.

सांगलीत ओळखीच्या एका गृहस्थांनी हरिपूरचं सांगितलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी नावाजलेलं. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर माती. तिथल्या मातीचा गुण असा की, वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी कायमची गेली. "ह्या खेपेला जायला उरली होती कुठं?" असं ते म्हणाले आणि दुकानात पाणी काढायला गेले.

अंकलीचा पूल ओलांडून आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात आलो. जयसिंगपुरात स्टँडजवळ लष्कराचे काही जवान चहा घेत होते. त्यांतला एक अगदी कोवळा, विशीचा. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत राख्या होत्या. रेशमी, स्पंजच्या, दोन तर नुसत्या लाल दोऱ्याच्या. मी हिंदीत विचारलं, किती आहेत. तो लाजला. मोजल्या नाहीत म्हणाला, बोटीतून उतरवलेली प्रत्येक बाई बांधत होती, ज्यांना राखी मिळाली नाही त्यांनी पदराचा धागा काढून बांधला.

मैत्रीण तिथे भेटली. आठ दिवसांत तिचे गाल आत गेले होते. मला मिठी मारायच्या आधी तिने टेम्पोचं मागचं फळकूट उघडायला लावलं, वर चढली, खराटे मोजले. मग खाली उतरून मिठी मारली.

शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा गुंता. पंचगंगा इथे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, वारणा थोडी वर मिळालेली असते. जमीन जवळजवळ सपाट, नदी वळणं घेत संथ जाते. एरवी हेच या भागाचं भाग्य. काळी कसदार रानं, बारमाही पाणी, ऊस, भाजीपाला. पुरात मात्र कृष्णा तुडुंब वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. लोक त्याला फुगवटा म्हणतात. पाणी धावून येत नाही, चढत जातं. घरात शिरतं ते आवाज न करता, मोरीतून, उंबऱ्याखालून. आणि उतरतानाही तितकंच सावकाश.

पुराशी इथल्या माणसांचं वैर नाही, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. वाडीला दत्ताच्या पादुकांपर्यंत पाणी येणं, उत्तरेच्या दारातून आत शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडणं, हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून भाविक येतात. नदीला पहिलं नवं पाणी आलं की बायका जाऊन तिची ओटी भरतात. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई नदीला 'बाई' म्हणतात. "बाई दरसालाला येती, पाय धुती, जाती," त्या म्हणाल्या. "ह्या सालाला बाई घरात येऊन बसली. उठंनाच."

गावात शिरलो तेव्हा रस्ता दिसत नव्हता. घोट्याच्या वरपर्यंत चिखल, वरून साय धरल्यासारखा गुळगुळीत. दोन्ही बाजूंच्या घरांतली पक्की उभी होती, पण पांढऱ्या मातीची भेंड्यांची घरं एकेक करून बसत होती. ती पाण्यात असताना पडत नाहीत. पाणी उतरून ऊन लागलं की पडतात. आम्ही सोप्यात उभे असताना पलीकडच्या गल्लीत एक भिंत पडल्याचा आवाज आला. कुणी मान वळवली नाही.

सामान वाटायचं कसं, हे मैत्रिणीने आधीच ठरवलं होतं आणि आम्हाला तिने तीन गोष्टी बजावल्या. रांग लावायची नाही. फोटो काढायचे नाहीत. टेम्पोवर उभं राहून खाली द्यायचं नाही. गल्लीवार घरांची यादी तिच्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर होती, कुणाच्या घरात किती माणसं, किती जनावरं, बाळंतीण कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण. शाळेतली मोठी मुलं आणि आम्ही घरोघर गेलो. त्या तीन गोष्टींचं कारण मला एका आजींच्या परड्यात कळलं. दोन दिवसांपूर्वी कुठूनशी एक मोठी गाडी आली होती. माणसांनी वरून पाकिटं फेकली, खाली झेलणाऱ्यांचे व्हिडिओ काढले आणि गाडी निघून गेली. आजी सांगताना माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"वरनं फेकत हुती. मी न्हाई उचललो. आमी काय कुत्री हाय व्हय?"

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तो 'उचललो' अजून माझ्या कानात आहे. जाताना त्या म्हणाल्या, "कुटं लिवलासा तर गावाचं नाव घालू नका. आमच्या दारात रोज चार माणसं जेवून जायची. लोक काय म्हंतील?" म्हणून नाव नाही.

वाडीच्या आसपासची ही माणसं पिढ्यानपिढ्या यात्रेकरूंना पाणी, ताक, भाकर देत आली. घेण्याची सवयच त्यांना नाही. त्यांच्या हातात काही ठेवताना आपला हात वर असतो, त्यांचा खाली, हे दोघांनाही दिसतं. मला वाटतं, मदत करणाऱ्याने सगळ्यांत जास्त जपायचं असतं ते हेच, आणि त्याला एकच उपाय मला त्या दोन दिवसांत सापडला. बरोबर बसून काम करायचं. हातात खराटा घेतला की देणारा-घेणारा हा भेद चिखलात जातो.

चिखल काढायची एक रीत आहे. तो ओला असतानाच काढावा लागतो. पाणी उतरतं तसतसं त्याच्याच पाण्याने खराट्याने ढकलत न्यायचा, आतल्या खोलीकडून सोप्याकडे, सोप्यातून उंबऱ्याबाहेर. एकदा वाळला की फरशीला असा धरतो की खोऱ्याने खरवडावा लागतो. मऊ केरसुणी इथे कामाची नाही, दोन हातांत मोडते. नारळाच्या हिरांचा खराटाच पाहिजे, तोही घट्ट बांधलेला. चाळीस का, हे मला पहिल्या तासात कळलं. गल्लीत एका वेळी दहा घरं, घरात चार जण, आणि सगळ्यांनी एकदम पुढे ढकललं तरच चिखल गल्लीच्या टोकाला जातो. एकट्या घराने काढला तर तो शेजारच्या घरात शिरतो.

दुपारी एका घराच्या परड्यात कपडे वाळत घालतात तशा दोरीवर वस्तू लटकलेल्या पाहिल्या. चिमटे लावून. पासबुक, रेशनकार्ड, सातबाऱ्याचे उतारे, दहावीची गुणपत्रिका, एक जुनी लग्नाची पत्रिका, आणि एक फोटो ज्यातला चेहरा विरघळून नुसती टोपी उरली होती. घरातला मुलगा प्रत्येक कागद उलटत होता, जसा आपण पापड उलटतो. तलाठी पंचनाम्याला येणार होते आणि कागद नसला तर माणूसही नसतो. सरकारने ग्रामीण कुटुंबांना दहा हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं, त्यातले पाच हजार लगेच रोख, शिवाय दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. एवढ्यात घर उभं राहत नाही, हे तो मुलगाही जाणून होता. पण चूल पेटते.

त्याच्याच घराबाहेर चिखलात एक प्रचंड लोखंडी काईल पालथी पडली होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करतात ती. मला वाटलं, वाहून आली असेल. तो म्हणाला, "न्हाई, ही आमची बोट." नागपंचमीनंतर पाणी झपाट्याने चढलं, बोटी सगळीकडे पुरत नव्हत्या. मग गावातल्या पोरांनी दोन काईली शेजारी बांधल्या, वर बांबू आडवे घातले आणि म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, शेळ्यांना गावाबाहेरच्या उंच रस्त्यावर पोचवलं. काईल गोल, तिला ना पुढचं टोक ना मागचं, वल्हं मारलं की जागच्या जागी फिरते. म्हणून दोघेजण पाण्यात उतरून, पोहत, तिला ढकलत होते. किती फेऱ्या झाल्या, मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ब्रह्मनाळचं कळलं तवा हातपाय गळाले."

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त गावकरी बुडाले. त्यांत बायका आणि मुलं होती. काठावरच्या सगळ्या गावांनी त्या आठवड्यात हीच जोखीम घेतली होती. कुणाची बोट तरली, कुणाची नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावात एक मजबूत बोट, माणसागणिक जीवरक्षक जॅकेट आणि बोट चालवायला शिकलेली चार पोरं, एवढं जून महिन्यात तयार ठेवणं अवघड नाही. ते ऑगस्टमध्ये पुण्याहून पाठवलेल्या शंभर ट्रकांपेक्षा मोलाचं आहे, असं मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

पाण्याच्या बाटल्यांबद्दलही तसंच. गावात बाटल्यांचे खोके रचलेले होते. पण मदतकार्यात जगभर माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी धरतात, पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं मिळून. बाटल्यांनी ते कसं भागणार? गावची विहीर शुद्ध झाली तरच. दुसऱ्या दिवशी आरोग्य सेवक आले. आधी पंपाने विहीर उपसली, मग पाणी भरू दिलं, मग टीसीएल पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. हजार लिटरला पाच ग्रॅम, हा हिशेब त्यांनी बोटावर केला. तासाभराने परीक्षानळीत पाणी घेऊन दोन थेंब औषध टाकलं. पाणी हळूहळू पिवळं झालं. विहिरीभोवती उभ्या बायकांनी तो पिवळा रंग पाहून जो नि:श्वास सोडला, तो मी विसरणार नाही. हा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय, म्हणजे पोराला पाजायला हरकत नाही.

संध्याकाळी मैत्रिणीचे दीर मला रानात घेऊन गेले. ऊस उभा होता, हिरवा, मला तर चांगला वाटला. त्यांनी एक ऊस वाकवून शेंड्याची सुरळी माझ्यासमोर धरली आणि ओढली. ती अलगद हातात आली. आत काळा, बुळबुळीत गाळ आणि कुजका वास. "पोंग्यात पाणी गेलं की संपलं," ते म्हणाले. "बाहेरनं हिरवा दिसतोय तवर लोकास्नी वाटतंय ऊस हाय." जनावरांना वाडं घालावं म्हटलं तर त्यावर गाळ बसलेला. म्हणून पेंड. आमची गोळी पेंड त्या रात्री चौदा गोठ्यांत गेली. ड्रायव्हरकाका स्वतः पाट्या उचलत होते. एका म्हशीला त्यांनी नव्या दोराचं दावं बांधलं, गाठ ओढून पाहिली, मग तिच्या कपाळावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

निघताना आम्ही सासूबाईंच्या पाया पडलो. त्या आत गेल्या. घरात होतं काय? भिंती ओल्या, फळ्या रिकाम्या, देव्हारा धुऊन उन्हात ठेवलेला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात ताटली होती, त्यात मूठभर तांदूळ, गुळाचा खडा आणि हळदीची पुडी. तो तांदूळ आमच्याच पाकिटातला होता, मी ओळखला. माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावून त्यांनी तो माझ्या ओढणीत घातला.

"माहेरवाशीण रिकामी जात न्हाई," त्या म्हणाल्या.

टेम्पोत बसल्यावर मी ओढणीची गाठ मारली आणि तासगाव येईपर्यंत ती मुठीत धरून बसले. तासगावला फोन वाजला. मैत्रीण. "ऐक, शाळा सोमवारी भरवायचीय. लिहून घे. दुरेघी वह्या दोनशे, एकेरी तीनशे, खडूचे खोके, पाट्या साठ. दप्तरं नकोत, दप्तरं आली कुणाची तरी. आणि खराटे शेजारच्या गावाला दिले."

त्यानंतर मी तीनदा गेले. दिवाळीत गेले तेव्हा भिंतींवर दोन खुणा होत्या, २००५ ची जुनी आणि तिच्या वर, स्टुलावर चढून मारलेली, २०१९ ची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, करोनाच्या दिवसांत. बातमी पाहिल्याबरोबर मी फोन लावला. मागे गाडीचे आवाज, म्हशीचं रेकणं. ती म्हणाली, या वेळी खुणेची वाट पाहिली नाही, जनावरं कालच हलवली, म्हातारी माणसंही.

मी वीजबिल पालथं करून पेन उघडलं. "सांग. काय आणू?"

"आत्ता काही नको गं," ती म्हणाली. "अजून पाणी चढतंय. उतरलं की सांगते."